इरेना शेविन्स्का यांची कारकीर्द आणि १९७४ चे वर्ष

रेषेपलीकडे (धागालेखक)

पोलंडच्या धावपटू इरेना शेविन्स्का यांचे नाव निघाले की सर्वप्रथम सात ऑलिंपिक पदकांचा हिशेब मांडला जातो. तीन सुवर्ण, दोन रौप्य आणि दोन कांस्य, तीही १००, २०० आणि ४०० मीटर, लांब उडी व रिले अशा पाच प्रकारांत मिळून, हा हिशेब थक्क करणारा आहे यात शंका नाही. मात्र त्यांच्या शर्यतींच्या वेळा तारखेनुसार वहीत उतरवून काढल्यावर माझे असे मत झाले आहे, की या कारकिर्दीचे शिखर ज्या वर्षी ऑलिंपिक नव्हतेच, त्या १९७४ मध्ये आहे. हे मत इथल्या जाणकारांनी तपासून पाहावे, म्हणून हा धागा काढत आहे.

त्यांचा जन्म २४ मे १९४६ रोजी लेनिनग्राडमध्ये झाला. वडील वॉर्सातील ज्यू, आई कीवची. युद्धाच्या धामधुमीत दोघे सोव्हिएत भूमीवर एकत्र आले आणि मुलगी तान्ही असतानाच कुटुंब वॉर्सात येऊन स्थिरावले. माहेरचे आडनाव किर्शेन्स्टाइन. पोलोनिया वॉर्सा या क्लबमध्ये त्या धावू लागल्या, तेव्हा पोलंडच्या मैदानी खेळांचा सुवर्णकाळ चालू होता. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धातील त्या संघाला जर्मन लोकांनी 'वुंडरटीम' (अद्भुत संघ) असे कौतुकाचे नाव दिले होते, आणि या वातावरणात वाढलेल्या मुलीला थोरामोठ्यांच्या शर्यती पाहण्यासाठी दूर जावे लागत नव्हते.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी लांब उडीत ६.६० मीटरची झेप घेऊन रौप्यपदक मिळवले. ब्रिटनच्या मेरी रँड यांनी त्या दिवशी ६.७६ मीटरचा विश्वविक्रम केला नसता, तर निकाल काय लागला असता हे सांगण्याची गरज नाही. २०० मीटरमध्ये अमेरिकेच्या ईडिथ मॅकग्वायर यांच्या २३.० सेकंदांमागे २३.१ सेकंदांत दुसरा क्रमांक, आणि मग ४×१०० मीटर रिलेत तेरेसा चेप्वी, हालिना गुरेत्स्का व एव्हा क्वोबुकोव्स्का यांच्यासह सुवर्णपदक. एकाच ऑलिंपिकमध्ये तीन प्रकार आणि तिन्हींत पदक.

त्यानंतरची दोन वर्षे वेगाची होती. जुलै १९६५ मध्ये प्रागला १०० मीटर ११.१ सेकंदांत, ऑगस्टमध्ये वॉर्सात अमेरिका विरुद्ध पोलंड सामन्यात २०० मीटर २२.७ सेकंदांत, दोन्ही विश्वविक्रम. १९६६ च्या बुडापेस्टमधील युरोपीय स्पर्धेत २०० मीटर, लांब उडी आणि रिले यांत सुवर्ण, १०० मीटरमध्ये रौप्य. १९६७ मध्ये यानुश शेविन्स्की यांच्याशी विवाह झाला, आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्या नव्या आडनावाने उतरल्या. १०० मीटरमध्ये कांस्य मिळाले, लांब उडीत अंतिम फेरीही गाठता आली नाही, रिलेत बॅटन त्यांच्या हातून पडली. आणि तरीही २०० मीटरमध्ये २२.५ सेकंदांचा नवा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

इथे बहुतेकांची गोष्ट संपली असती. १९७० मध्ये मुलगा झाला, १९७१ च्या हेलसिंकी युरोपीय स्पर्धेत २०० मीटरमध्ये कांस्य, १९७२ च्या म्युनिकमध्ये पुन्हा २०० मीटरचे कांस्य. २२.७४ सेकंद ही वेळ वाईट नव्हती, परंतु पूर्व जर्मनीच्या रेनाटे श्टेशर यांनी २२.४० सेकंदांत शर्यत जिंकली होती आणि १०० मीटरचे सुवर्णही त्यांचेच होते. श्टेशर चार वर्षांनी लहान. मैदानावरचे कोणीही हेच म्हणाले असते की पिढी बदलली.

आता १९७४ पाहा. १३ जून रोजी पॉट्सडाममध्ये, म्हणजे श्टेशर यांच्याच देशात, शेविन्स्का यांनी २०० मीटर २२.२१ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. नऊ दिवसांनी, २२ जून रोजी वॉर्सात, त्या ४०० मीटर ४९.९ सेकंदांत धावल्या आणि हे अंतर पन्नास सेकंदांच्या आत कापणारी पहिली स्त्री ठरल्या. सप्टेंबरमध्ये रोमच्या युरोपीय स्पर्धेत १०० मीटर ११.१३ सेकंदांत आणि २०० मीटर २२.५१ सेकंदांत जिंकून त्यांनी श्टेशर यांना दोन्ही वेळा दुसऱ्या क्रमांकावर ठेवले. शिवाय रिलेत कांस्य. १००, २०० आणि ४०० मीटर या तिन्ही अंतरांचे विश्वविक्रम आयुष्यात कधी ना कधी नावावर असलेली व्यक्ती, स्त्री किंवा पुरुष, त्यांच्याखेरीज दुसरी नाही, आणि ती किमया १९७४ च्या त्या जून महिन्यात पूर्ण झाली. वय अठ्ठावीस, घरी चार वर्षांचा मुलगा.

१९७६ चे मॉन्ट्रियल मी विसरलेलो नाही. परंतु मॉन्ट्रियलची बीजे १९७४ मध्ये पेरली गेली, असे मला वाटते. आपले काय मत आहे?


गवताळ मैदान

धागा आवडला, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. २९ जुलै १९७६ च्या मॉन्ट्रियलमधील ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीपेक्षा मोठे काही त्यांच्या कारकिर्दीत नाही, आणि त्याचे कारण पदकाच्या रंगात शोधण्याची गरज नाही. दोन वेळांमधील अंतर पाहिले तरी पुरे. शेविन्स्का ४९.२९, दुसऱ्या आलेल्या पूर्व जर्मनीच्या क्रिस्टिना ब्रेमर ५०.५१, तिसऱ्या एलेन श्ट्राइट ५०.५५. दुसरा आणि तिसरा क्रमांक चार शतांश सेकंदांच्या आत, आणि पहिल्या-दुसऱ्यात एक पूर्णांक बावीस शतांश! त्या वेगाने हे अंतर जवळजवळ दहा मीटरचे होते. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, एका फेरीच्या शर्यतीत, इतक्या फरकाने जिंकणे ही गोष्ट मी तरी क्वचितच पाहिली आहे.

आणखी एक बाब आपल्या लेखातून निसटली आहे. ब्रेमर त्या वेळी अठरा वर्षांच्या होत्या, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ड्रेस्डेनमध्ये त्यांनी ४९.७७ चा विश्वविक्रम केला होता. शेविन्स्का यांनी २२ जून रोजी बिद्गोश्चमध्ये तो ४९.७५ करून केवळ दोन शतांशांनी मोडला, म्हणजे ऑलिंपिकला महिना राहिला असताना दोघी तुल्यबळ होत्या. मॉन्ट्रियलमध्ये तीस वर्षांच्या, पाचांपैकी चौथे ऑलिंपिक धावणाऱ्या शेविन्स्का यांनी स्वतःच्या विक्रमातून जवळजवळ अर्धा सेकंद कमी केला. टोकियोत अठरा वर्षांची जी मुलगी मोठ्यांना घाम फोडत होती, तीच बारा वर्षांनी दुसऱ्या एका अठरा वर्षांच्या विक्रमवीर मुलीला दहा मीटर मागे टाकते, याहून मोठे वर्तुळ कोणते?


वेळनोंद

मी अनेक वर्षे जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवरील स्पर्धांमध्ये वेळनोंदणीचे काम केले आहे, म्हणून एका तांत्रिक मुद्द्याकडे लक्ष वेधतो. त्याचा या चर्चेशी थेट संबंध आहे.

वॉर्सातील ४९.९ ही हाताने घेतलेली वेळ आहे. हातातल्या घड्याळाने वेळ घेताना आम्ही पिस्तुलाच्या आवाजावर कळ दाबत नाही, नळीतून निघणाऱ्या धुरावर किंवा ठिणगीवर दाबतो, कारण आवाज पोहोचायला वेळ लागतो. तरीही डोळ्याने पाहून अंगठा हलेपर्यंत थोडा उशीर होतोच. शेवटच्या रेषेजवळ मात्र धावपटू येताना आधीपासून दिसत असते, त्यामुळे अंगठा वेळेवर, क्वचित थोडा आधीच दबतो. सुरुवातीला उशीर आणि शेवटाला नाही, म्हणून हाताची वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी भरते. पहिल्या क्रमांकासाठी तीन घड्याळे लावतात. दोन जुळली तर ती वेळ धरायची आणि तिन्ही वेगळी निघाली तर मधली. इतकी काळजी घेऊनही हा फरक जात नाही, कारण तो तिन्ही अंगठ्यांचा एकाच दिशेचा असतो. म्हणूनच तुलना करताना २०० मीटरपर्यंतच्या हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद आणि ४०० मीटरमध्ये ०.१४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे.

४९.९ मध्ये ०.१४ मिळवले तर ५०.०४ होतात. याचा अर्थ पन्नासची भिंत त्या दिवशी खरोखर फुटली की नाही, हे विद्युत घड्याळाच्या, म्हणजे माणसाच्या अंगठ्याशिवाय आपोआप वेळ नोंदवणाऱ्या यंत्रणेच्या, कसोटीवर निर्विवाद सांगता येत नाही. त्याच सप्टेंबरमध्ये रोमला फिनलंडच्या रीटा सालिन यांनी ४०० मीटर ५०.१४ सेकंदांत जिंकले आणि ती वेळ विद्युत नोंदीतील विश्वविक्रम म्हणून वेगळी धरली गेली. विद्युत घड्याळावर पन्नासच्या आत प्रथम कोण आले, असा प्रश्न विचारला तर उत्तर ब्रेमर यांचे ४९.७७ हे आहे. १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत केवळ विद्युत वेळच विक्रमासाठी ग्राह्य धरली जाऊ लागली.

यात शेविन्स्का यांना कमी लेखण्याचा हेतू अजिबात नाही. त्या काळच्या नियमांनुसार ४९.९ हा विश्वविक्रमच होता आणि 'पन्नासच्या आत पहिली' हा मानही त्यांचाच आहे. परंतु १९७४ चा दावा या एका आकड्यावर उभा करू नये, असे मला वाटते. शतांशाची किंमत आपल्या लोकांना तरी समजावून सांगायला नको: १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचे ५५.४२ आणि तिसऱ्या आलेल्या धावपटूचे ५५.४१, इतक्याच फरकाने आपले पदक गेले. हातातल्या घड्याळांनी त्या दोघींना एकच वेळ दिली असती.


रेषेपलीकडे

वेळनोंद यांचे मनापासून आभार. ही दुरुस्ती मला मान्य आहे आणि मूळ लेखातील ४९.९ बद्दलचे वाक्य अधिक जपून लिहायला हवे होते.

मात्र आपल्याच मुद्द्याचा आधार घेऊन मी माझा दावा पुन्हा मांडतो. मेक्सिकोतील २०० मीटरची अधिकृत वेळ २२.५ असली, तरी विद्युत नोंद २२.५८ अशी आहे. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत वेगाने धावणाऱ्याला कमी अडथळा होतो, आणि कृत्रिम पृष्ठभागाची धावपट्टी ऑलिंपिकमध्ये तिथेच प्रथम वापरली गेली. असे दुहेरी साहाय्य असताना बावीस वर्षांच्या इरेना २२.५८ धावल्या. पॉट्सडामची २२.२१ ही वेळदेखील विद्युत नोंदीची आहे, आणि ते शहर जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. उंचीचा फायदा नसताना, सहा वर्षांनी, बाळंतपणानंतर ०.३७ सेकंदांची सुधारणा! २०० मीटरमध्ये एवढ्या अवधीत एवढा वेळ कमी करणे, तेही जगातील सर्वोत्तम असलेल्या धावपटूने, ही गोष्ट मला मॉन्ट्रियलच्या दहा मीटरइतकीच अचाट वाटते. हा विक्रम १९७८ मध्ये पूर्व जर्मनीच्या मारिटा कॉख २२.०६ धावेपर्यंत टिकला.

गवताळ मैदान यांच्या वर्तुळाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते निरीक्षण सुंदर आहे.


नवी वाचक

एक छोटी शंका. काही ठिकाणी पतीचे आडनाव शेविन्स्की आणि त्यांचे शेविन्स्का असे दिसते. यांपैकी कोणते बरोबर?


भाषाप्रेमी

दोन्ही बरोबर आहेत. पोलिश भाषेत 'स्की'ने संपणारी आडनावे विशेषणांसारखी चालतात आणि व्यक्तीच्या लिंगानुसार बदलतात. पुरुष शेविन्स्की, स्त्री शेविन्स्का. आपल्याकडे 'काळा' आणि 'काळी' होते तसेच समजावे. क्वोबुकोव्स्का हेही त्याच घडणीचे आडनाव आहे. किर्शेन्स्टाइन मात्र जर्मन वळणाचे असल्यामुळे बदलत नाही.


अर्धवट शर्यत

आतापर्यंतच्या चर्चेत एव्हा क्वोबुकोव्स्का हे नाव केवळ रिलेच्या यादीत आले आहे, आणि ते मला खटकते. शेविन्स्का यांची १९६० च्या दशकातील कारकीर्द या नावावाचून समजत नाही.

क्वोबुकोव्स्का शेविन्स्कांपेक्षा काही महिन्यांनी लहान आणि १०० मीटरमध्ये त्यांच्यापेक्षा किंचित सरस होत्या. टोकियोत १०० मीटरचे कांस्य त्यांचे होते, आणि सुवर्णविजेत्या रिलेचा शेवटचा टप्पा त्याच धावल्या होत्या. प्रागमधील ज्या शर्यतीचा उल्लेख धागालेखकांनी केला आहे, त्या ११.१ सेकंदांच्या शर्यतीत दोघींनाही एकच वेळ मिळाली. बुडापेस्टमध्ये १०० मीटरचे सुवर्ण क्वोबुकोव्स्का यांनी जिंकले आणि रौप्य इरेना यांनी.

त्याच बुडापेस्टमध्ये स्त्री खेळाडूंना डॉक्टरांच्या मंडळासमोर विवस्त्र उभे राहून आपण स्त्री असल्याचे सिद्ध करावे लागले. क्वोबुकोव्स्का त्या तपासणीत उत्तीर्ण झाल्या. पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, कीवला युरोपियन कप स्पर्धेच्या वेळी गालाच्या आतील पेशी घेऊन गुणसूत्रांची चाचणी करण्यात आली, आणि वीस वर्षांची ही मुलगी अपात्र ठरवली गेली. तिने कोणतेही औषध घेतले नव्हते, कोणाला फसवले नव्हते. जन्मापासून जे शरीर होते, त्याच शरीराने ती धावत होती. तिची कारकीर्द त्या दिवशी संपली, आणि निकाल साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत छापून आला.

पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने तिचे विक्रम पुसून टाकले. टोकियोतील पदके राहिली, पण रिलेचा ४३.६ सेकंदांचा विश्वविक्रम रद्द झाला. म्हणजे चेप्वी, गुरेत्स्का आणि किर्शेन्स्टाइन या तिघींचाही विक्रम गेला, आणि त्याच शर्यतीत दुसऱ्या आलेल्या अमेरिकी संघाची ४३.९ ही वेळ विक्रम म्हणून उरली. शर्यत तीच, पदके तीच, मात्र विक्रमांच्या यादीत दुसरा क्रमांक वर आणि पहिला नाहीसा.

अनेक वर्षांनी ही गुणसूत्रांची सरसकट चाचणी सदोष आणि अन्यायकारक असल्याचे मान्य होऊन ती बंद करण्यात आली. ऑलिंपिकमध्ये ती १९९९ मध्ये थांबली. परंतु प्रश्न संपला नाही, हे आपल्याला दुरून पाहावे लागत नाही. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांचे पदक अशाच तपासणीनंतर काढून घेण्यात आले. २०१४ मध्ये ओडिशाच्या द्युती चंद यांना राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळले गेले. त्यांनी मात्र क्रीडा लवादाकडे दाद मागितली, ज्या नियमाने त्यांना वगळले होते तो २०१५ मध्ये स्थगित करवून घेतला आणि रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावून दाखवले. १९६७ मध्ये दाद मागण्यासाठी असे कोणतेही दार क्वोबुकोव्स्का यांना उघडे नव्हते.

मला इतकेच म्हणायचे आहे, की १९६८ ते १९७२ या वर्षांत शेविन्स्का एकट्या धावत होत्या. बरोबरीने धावणारी, घड्याळावर एकाच वेळेची जोडीदार अचानक नाहीशी झाल्यावर काय होते, हे ज्यांनी स्पाइक्स घातले आहेत त्यांना कळेल. मेक्सिकोत रिलेतील बॅटन का पडली हे मी सांगू शकत नाही, परंतु त्या संघातून शेवटचा टप्पा धावणारी मुलगी काढून घेतली गेली होती, ही वस्तुस्थिती आहे.


जुनी पाने

अर्धवट शर्यत यांनी १९६७ बद्दल लिहिले, त्याला जोडून १९६८ बद्दल लिहिणे आवश्यक वाटते.

त्या वर्षी मार्चमध्ये पोलंडमध्ये विद्यार्थ्यांची आंदोलने झाली, आणि सत्ताधारी पक्षाने त्या आंदोलनांचा राग देशातील उरल्यासुरल्या ज्यू समाजावर काढला. 'झायनिस्ट' (ज्यू राष्ट्राचे समर्थक) असा शिक्का मारून माणसांना नोकऱ्यांतून काढले गेले, विद्यापीठांतून घालवले गेले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सुमारे तेरा हजार ज्यू नागरिक देश सोडून गेले. जाताना त्यांना नागरिकत्वही सोडावे लागले. महायुद्धातील संहारातून वाचून जे पुन्हा वॉर्सात घर मांडून बसले होते, त्यांच्यावर ही वेळ आली होती.

किर्शेन्स्टाइन कुटुंबातील मुलगी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोत पोलंडच्या पोशाखात २०० मीटरचे सुवर्ण जिंकते, आणि तिच्यासाठी पोलंडचे राष्ट्रगीत वाजते, ही घटना मी जेव्हा जेव्हा आठवतो, तेव्हा त्या बावीस वर्षांच्या मुलीच्या मनात काय चालले असेल याचा विचार करून अस्वस्थ होतो. त्या पोलंडमध्येच राहिल्या. वॉर्सा विद्यापीठातून त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतली, पुढे १९९७ ते २००९ या काळात पोलिश ॲथलेटिक्स संघटनेच्या अध्यक्ष होत्या, १९९८ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सदस्य होत्या. २०१६ मध्ये त्यांना 'ऑर्डर ऑफ द व्हाइट ईगल' हा देशाचा सर्वोच्च सन्मान देण्यात आला. २९ जून २०१८ रोजी वॉर्सात त्यांचे निधन झाले आणि पोवॉन्स्कीच्या लष्करी दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.


गवताळ मैदान

मागील दोन्ही प्रतिसाद वाचून माझ्या मतात थोडा बदल झाला आहे. १९७६ हे मी शिखर मानतोच, पण १९६८ च्या सुवर्णाकडे आता मी केवळ २२.५ चा आकडा म्हणून पाहू शकणार नाही.

कारकिर्दीच्या शेवटाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. १९७७ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथील पहिल्या विश्वचषक स्पर्धेत शेविन्स्का यांनी ४०० मीटरमध्ये मारिटा कॉख यांना हरवले, वेळ ४९.५२. हा मला त्यांच्या सर्वांत दुर्लक्षित विजयांपैकी एक वाटतो, कारण नंतरच्या वर्षी कॉख यांना थांबवणारे कोणी उरले नाही. जुलै १९७८ मध्ये लाइपझिगला ४९.१९, ऑगस्टमध्ये पॉट्सडामला ४९.०३, आणि महिनाअखेरीस प्रागच्या युरोपीय स्पर्धेत ४८.९४. त्या प्रागच्या शर्यतीत शेविन्स्का तिसऱ्या आल्या. बत्तिसाव्या वर्षी युरोपीय स्पर्धेतील कांस्य, आणि सोबत ४×४०० रिलेतही कांस्य. पूर्व जर्मनीत त्या काळात खेळाडूंना सरकारी योजनेनुसार संप्रेरके दिली जात होती, हे तो देश संपल्यावर बाहेर आलेल्या कागदपत्रांतून सिद्ध झाले आहे. कोणा एका धावपटूवर मी बोट ठेवणार नाही, परंतु शेविन्स्का यांनी सत्तरच्या दशकात ज्या संघाशी झुंज दिली त्या संघामागे काय उभे होते, हे त्यांच्या पदकांचा रंग मोजताना ध्यानात ठेवावे.

१९८० मध्ये मॉस्कोत, चौतिसाव्या वर्षी, त्या ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत बाद झाल्या आणि धावपट्टीवरून निवृत्त झाल्या. त्याच मॉस्कोत १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत सोळा वर्षांच्या पी. टी. उषा धावल्या होत्या. एकीचे पाचवे ऑलिंपिक, दुसरीचे पहिले.


खेळपट्टीबाहेर

तुलनेसाठी एक नाव सुचवतो: ऑस्ट्रेलियाच्या बेटी कथबर्ट. १९५६ मध्ये मेलबर्नला १०० आणि २०० मीटरचे सुवर्ण, आणि १९६४ मध्ये टोकियोत, जेव्हा स्त्रियांची ४०० मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच आली, तेव्हा तिचेही सुवर्ण. तिन्ही अंतरांत ऑलिंपिक सुवर्ण कथबर्ट यांचे, आणि तिन्ही अंतरांत विश्वविक्रम शेविन्स्का यांचा. सर्वांत श्रेष्ठ कोण हे ठरवताना या दोन कसोट्या वेगवेगळी उत्तरे देतात.


मैदानातली ताई

मी शालेय मुलींना धावण्याचे प्रशिक्षण देते. हा धागा मी दोन वेळा वाचला, आणि माझा प्रश्न व्यवहारातला आहे. माझ्याकडे पंधरा वर्षांची एक मुलगी आहे. उंच आहे, पावले लांब पडतात, सुरुवात संथ आहे, पण शेवटच्या पन्नास मीटरमध्ये ती सर्वांना गाठते. सगळे मला सांगतात की तिला आताच ४०० मीटरला वळवा, तिथे पदके लवकर मिळतील. तिला स्वतःला लांब उडी आवडते. शेविन्स्का यांच्या कारकिर्दीकडे पाहून जाणकार काय सांगतील?


रेषेपलीकडे

ताई, आपण केलेले वर्णन शेविन्स्का यांचेच वाटते. त्याही उंच होत्या, सुमारे १.७६ मीटर, आणि लांब पावलांमुळे शर्यतीच्या उत्तरार्धात पुढे येत असत. वळणावरून सरळ पट्टीत आल्यावर त्यांचे धावणे खुलत असे, म्हणून १०० पेक्षा २०० मीटर त्यांना नेहमीच अधिक मानवले.

तरीही त्यांच्या पहिल्या दहा वर्षांत ४०० मीटरची पदके दिसत नाहीत. अठराव्या वर्षी रौप्य, विसाव्या वर्षी युरोपीय सुवर्ण, आणि तेही लांब उडीत. उडीसाठीच्या धावेने पावलांचा ठेका बसतो, फळीवर पाय टाकण्याच्या सरावाने घोट्यात ताकद येते, आणि या दोन्ही गोष्टी २०० मीटरला उपयोगी पडतात. ४०० मीटरच्या सरावात वारंवार अंग आंबून जाते. शेवटच्या शंभर मीटरमध्ये पाय जड होऊन उचलेनासे होतात, आणि ते सहन करायला शिकणे म्हणजेच त्या शर्यतीचा अर्धा अभ्यास. तो अभ्यास शेविन्स्का यांनी वेग पूर्णपणे अंगी बाणल्यानंतर, सत्ताविशी उलटल्यावर केला. एका व्यक्तीच्या आयुष्यावरून नियम काढता येत नाही हे खरे, परंतु पंधराव्या वर्षी उशीर झाला आहे असे कोणी सांगत असेल, तर तसे मानण्याचे कारण या कारकिर्दीत मला सापडत नाही.


वेळनोंद

माझीही भर. शालेय स्पर्धांत मी पाहिलेल्या मुलींपैकी ज्यांना तेराव्या-चौदाव्या वर्षी ४०० आणि ८०० मीटरला जुंपले गेले, त्यांपैकी बहुतेक बारावीपर्यंत मैदान सोडून गेल्या. कारणे अनेक असतील, पण कंटाळा आणि पिंडरीचे दुखणे ही दोन मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहेत.


मैदानातली ताई

आपल्या दोघांचे आभार. आमच्या मैदानावरच्या उडीच्या खड्ड्यातली वाळू पावसाळ्यानंतर दगडासारखी झाली आहे. या रविवारी ती खणून, चाळून घेते आणि सोमवारी तिला उडीला बोलावते. २०० मीटर चालूच राहील. ४०० चे पुढच्या काही वर्षांनी पाहू.